वर वळलेलं शेपूट

बसमधली मुलगी उठली, म्हणाली, "बसा ना," आणि ती बसली. बसायला नको होतं. नको, राहू दे, पुढच्याच स्टॉपला उतरायचंय, असं काहीबाही म्हणून उभं राहता आलं असतं. पण कोणी काही दिलं की आधी घ्यायचं आणि मग विचार करायचा ही तिची जुनी खोड. बसल्यावर तिने वर पाहिलं. खिडकीच्या वर पाटी होती आणि पाटीवर दोन चित्रं. एकात काठी टेकत वाकलेलं माणूस, दुसऱ्यात पोटावर हात ठेवलेली बाई. खाली लिहिलं होतं, यांना जागा द्या. ती मुलगी कानात गाणी खुपसून दाराजवळ जाऊन उभी राहिली होती आणि आपण काय करून ठेवलं याचा तिला पत्ताही नव्हता. जागेवर बसलेली ती स्वतः चव्वेचाळीस वर्षांची होती. अंगात सैलसर कोट होता. कमरेचं म्हणाल तर हल्ली कोट त्यासाठीच सैल घेतला होता. केसांना महिनाभर रंग लावायला सवड झाली नव्हती आणि भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरं डोकावत होतं. म्हणजे दोन्ही चित्रं लागू पडत होती, आणि खरं तर एकही लागू पडत नव्हतं. आयुष्यभर सरासऱ्या काढून पोट भरलेल्या बाईला या दोन चित्रांची सरासरी काढता येईना. तिला त्या मुलीचा राग आला. मग आपल्याला राग आला याचा राग आला. उतरायचा स्टॉप आला तेव्हा ती इतकी झटक्यात उठली की शेजारचे गृहस्थ दचकून म्हणाले, "जरा सांभाळून."

सांभाळून. सकाळपासून सगळे तिला सांभाळूनच घेत होते. नवऱ्याने बुटाची नाडी बांधता बांधता, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही अशा बेताने, विचारलं होतं, "आज बाबांशी बोलशील का? तुझं ऐकतील ते." बाबा म्हणजे तिचे सासरे. चार भिंती दिसल्या की त्या कोणत्या रंगात बऱ्या दिसतील हे सांगणारे, उभा जन्म रंगारी म्हणून काढलेले. न्हाणीघरात घसरून पडले आणि पाय मोडून घेतला. आता इस्पितळातून सोडणार होते, आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सोबतीला भिंतीच. इकडे या दोघांच्या घरात एक खोली रिकामी. प्रश्न इतका सोपा होता की शाळेतल्या पोरानेही सोडवला असता. पण बाबा यायला तयार नव्हते. दर वेळी एकच म्हणायचे, "तुमची खोली कशाला अडवू?" नणंदेने वैतागून एका वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली होती आणि आज संध्याकाळपर्यंत तिथे हो की नाही ते कळवायचं होतं. "त्यांना सांग ना काहीतरी," नवरा म्हणाला होता. "काय सांगू?" तिने विचारलं. नाडी बांधून झाली होती तरी तो वाकलेलाच राहिला. "ते आपलं... खोलीचं," तो म्हणाला, आणि डबा न घेताच निघून गेला. खोलीचं काय ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. बाबा खोली अडवायला तयार नव्हते, कारण त्यांच्या हिशेबी ती कोणासाठी तरी राखलेली होती. नातवासाठी किंवा नातीसाठी. आणि तिथे कोणी येणार नाही हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? नवरा-बायकोने ते एकमेकांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

ऑफिसात नव्या मुलीने तिच्या टेबलावर एक मोठा कागद पसरून ठेवला होता. त्यांच्या खात्याचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकेफोडीचं. येत्या पन्नास वर्षांत देशात किती मुलं जन्मतील आणि किती म्हातारे उरतील याचा अंदाज बांधायचा. त्यांच्या आकड्यांवरून शाळा बांधल्या जात, शाळांना टाळं लागे, प्रसूतिगृहांची गुडघेदुखीची इस्पितळं होत, पेन्शनवाले आपले हिशेब मांडत. दर दोन वर्षांनी अंदाज सुधारून काढायचा. या खेपेचा मसुदा तयार होता, दुपारी संचालकांपुढे ठेवायचा होता. नव्या मुलीने काय केलं होतं, तर आजवरचे सगळे जुने अंदाज एकाच कागदावर काढले होते. मधोमध खरी रेषा, जन्मदराची, गेली कित्येक वर्षं खाली खाली येणारी. आणि त्या रेषेच्या पाठीतून, जिथे जिथे एखादा अंदाज सुरू झाला होता तिथून, एकेक रेष वर वळलेली. दर अंदाजात जन्मदर आता सावरणार होता आणि दर खेपेला तो ढिम्म न सावरता खाली गेला होता. "साळिंदर दिसतंय," मुलगी म्हणाली आणि हसली. तीही हसली, कारण हसणं भाग होतं. त्या वर वळणाऱ्या रेषांना ऑफिसात शेपूट म्हणत. शेपूट तिचं होतं. तेरा वर्षांपूर्वी तिनेच ते अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलला लावलं होतं.

त्यामागचा विचार काही वेडगळ नव्हता. पंचवीस-तीस वयाच्या बायका मुलं होऊ देत नाहीत म्हणजे त्यांना मुलं नकोत असं नाही, एवढंच तो विचार सांगत होता. शिक्षण आहे, नोकरी आहे, घर व्हायचं आहे. बेत मोडलेला नाही, पुढे ढकललेला आहे. आज न झालेले जन्म उद्या होतील, त्यांची भरपाई होईल आणि रेषा वर वळेल. ही भरपाई कितव्या वर्षी सगळ्यात जास्त होईल, एवढं एक वय मॉडेलला पुरवावं लागे. मुलगी म्हणाली, "मॅडम, मला एक कळत नाहीये. हे छत्तीस कुठून आलं? मी सगळे जुने कागद बघितले. कशावरून घेतलं ते कुठेच लिहिलेलं नाही." ती म्हणाली, "तेव्हा आकडेवारीच नव्हती. त्या बायका अजून त्या वयाच्या झाल्याच नव्हत्या." हे खरं होतं. "बरं, पण मग पुढे एका खेपेला अडतीस केलंय. मग चाळीस. आता मसुद्यात एक्केचाळीस आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, खोचक वगैरे काही नाही. "म्हणजे बायका काही भरपाई करत नाहीयेत, आपणच वय पुढे सरकवतोय. मॉडेलचंच वय वाढत चाललंय." हे ऐकताना तिच्या मनात पाल चुकचुकली ती नेमकी इथे. तिने कागदावर दोन्ही हात टेकले. मुलीने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसता का जरा?" आणि खुर्ची पुढे ओढली. सकाळपासून ही दुसरी.

छत्तीस कुठून आलं ते तिला चांगलं आठवत होतं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मॉडेल चालू करायचं म्हणजे त्या जागी आकडा घालणं भाग होतं, आणि आकडा कुठेच नव्हता. परदेशातले अभ्यास चाळले, प्रत्येकाचं वेगळं. साहेब घाई करत होते. जेवायच्या टेबलावर तिने आणि नवऱ्याने आदल्याच आठवड्यात ठरवलं होतं की घाई नको, त्याची बदली परत इकडे होऊ दे, हे घर लागू दे, पस्तिशी-छत्तिशीपर्यंत चालतं हल्ली. ते तिच्या डोक्यात ताजं होतं. तिने छत्तीस टाकलं. टाकताना हसूही आलं होतं, कोणाला कळणार आहे म्हणून. रेषा वर वळली, फार देखणी वळली. पडद्यावर ती वळताना बघून तिला खरोखर वाटलं होतं की हे असंच होणार. पुढे एका सुधारणेची वेळ आली तेव्हा छत्तीस जवळ आलेलं आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आत्ता कुठे, म्हणत तिने अडतीस केलं. दर वेळी कारण होतं, आणि दर वेळी कारण पटणारं होतं. हजारो बायकांनी आपापल्या घरी अशीच पटणारी कारणं काढली असतील हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कारणं तिला ठाऊक होती ती फक्त स्वतःची. आणि सगळ्या देशाला तिने आपल्या मागे रांगेत उभं केलं होतं. मी पुढे सरकले की तुम्हीही सरका. पेन्शनवाल्यांनी त्या एका जेवणाच्या टेबलावर भरवसा ठेवून हिशेब मांडले होते, या विचाराने तिला एकदम हसू फुटलं. मुलगी गोंधळून बघत राहिली. हसण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं.

आणि खोली. खोलीला पिवळा रंग बाबांनीच दिला होता, ती चौतीस वर्षांची असताना. आपणहून आले, हातात डबे, काखेत जुनी वर्तमानपत्रं, खिशात ब्रश. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि बादलीत पांढऱ्यात पिवळा कालवत बसले. थेंब थेंब टाकायचे, भिंतीवर बोटभर फासून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा थेंब. ती चहा घेऊन आत गेली तेव्हा म्हणाले, "फार भडक नको. झोप येणाऱ्या माणसाला सोसवेल असा पाहिजे." झोप येणारं माणूस कोण ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. पुढे सगळ्यांनी विचारलं. आईने विचारलं, नणंदेने आडून आडून विचारलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून कोणा डॉक्टरचा पत्ता दिला. बाबांनी मात्र ब्रही काढला नाही. दर खेपेला आले की त्या खोलीच्या दारात क्षणभर थांबत, तळवा भिंतीवर ठेवत आणि म्हणत, "टिकलाय अजून." झालं. एवढंच. तिला त्यांच्याबद्दल माया होती ती बरीचशी या न विचारण्यामुळे. आज बसमधून उतरून ऑफिसच्या पायऱ्या चढताना मात्र तिला त्यांचा संताप आला होता. विचारलं असतं एकदा, तर एकदाच सांगून मोकळी झाले असते. न विचारता वाट बघत राहणारं माणूस फार कठीण. त्याला नाही म्हणायलाही जागा सापडत नाही.

नाही म्हणायला जागा त्या दोघांनाही सापडली नव्हती. अडतिसाव्या वर्षी ते डॉक्टरांकडे जायला लागले होते. तपासण्या, गोळ्या, सुया, भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं लावलेली ती बसायची खोली, जिथे कोणी कोणाकडे बघत नसे. एकदा राहिलं आणि पुरते तीन महिनेही टिकलं नाही. त्यानंतरही ते जात राहिले. मग एका महिन्यात नवरा म्हणाला, "या वेळी राहू दे, पुढच्या महिन्यात बघू." तिने बरं म्हटलं. पुढच्या महिन्यात ऑफिसात सुधारित अंदाजाची गडबड होती. त्याच्या पुढच्या महिन्यात कोणी विषय काढला नाही. आपण थांबलो असं कोणी म्हटलंच नाही. भांडण नाही, रडारड नाही, निर्णयसुद्धा नाही. नुसतं पुढे ढकललेलं, आणि ढकलता ढकलता कधीतरी कडेवरून खाली पडलेलं, पण पडल्याचा आवाज कोणी ऐकला नाही. खोलीत हळूहळू इस्त्रीचं टेबल आलं, प्रवासाच्या बॅगा आल्या, पण पलंग कधी आला नाही. पलंग आणला असता तर ती पाहुण्यांची खोली झाली असती.

"ही ओळच काढून टाक," ती मुलीला म्हणाली. "एक्केचाळीसच्या जागी काय घालू?" मुलीने विचारलं. "काहीच नको. भरपाई धरूच नको. होईल तितकी होईल, ती आपोआप दिसेल." मुलीने ओळ काढली, मॉडेल पुन्हा चालवलं. रेषा पडद्यावर आली आणि जिथे दर वेळी वळायची तिथे वळली नाही. उतारावरून उतरत गेली, हळूहळू, काही घाई न करता. त्यात भयंकर असं काही नव्हतं. शेवटी शेवटी तर ती जवळजवळ आडवी होत होती, थोड्या माणसांचा, बऱ्याच म्हाताऱ्यांचा, पण देश म्हणता येईल असा देश दाखवत. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते बघणं सोपं गेलं.

संचालकांना ऑफिसात सगळे मागून मध्यममार्ग म्हणत. अंदाज नेहमी तीन असत, वरचा, मधला आणि खालचा, आणि साहेबांचा जीव मधल्यात. त्यांनी कागद हातात धरला, लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला. "शेपूट कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ते कधी नव्हतंच, सर. आपण लावत होतो." साळिंदराचा कागद तिने पुढे केला. त्यांनी तो पाहिला, समजला, आणि उलटा करून ठेवला. "हे बघा," ते म्हणाले, "तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण हे वर गेलं की उद्या सगळे मला विचारणार, इतकी वर्षं काय करत होतात? आणि लोकांचा धीर कशाला घालवायचा?" ती म्हणाली, "धीर नाही, सर, वेळ चाललाय. आशेवर शाळा बांधतोय आपण आणि म्हाताऱ्यांसाठी काही बांधतच नाही." स्वतःचं वाक्य ऐकून ती थबकली. साहेबांना ते ऐकू गेल्यासारखं वाटलं नाही. ते विचार करत होते, आणि त्यांचा चेहरा उजळला तेव्हाच तिने ओळखलं की आपण हरलो. "असं करू," ते म्हणाले. "हा अंदाज फार चांगला आहे. हा खालचा म्हणून टाकू. आणि गेल्या वेळचा, शेपटीचा, मधला म्हणून राहू दे. म्हणजे दोन्ही झालं." ती म्हणाली, "खालचा कोणी वाचत नाही, सर." "वाचतात की," साहेब म्हणाले. "ज्यांना वाचायचं ते वाचतात." तिने पुन्हा समजावलं, आवाज चढला, शेजारच्या केबिनमधलं कोणीतरी डोकावून गेलं. साहेब ऐकून घेत राहिले, दगडावर पाणी ओतावं तसं, आणि शेवटी फार प्रेमाने म्हणाले, "दमलात तुम्ही. बसा, पाणी घ्या." ती बसली नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तेरा वर्षं मी खोटं सांगत होते तेव्हा कोणी हटकलं नाही, मधल्या अंदाजाच्या मखरात बसवलं, आणि आज खरं सांगितलं तर ते नेऊन ठेवलं तळाशी, कोपऱ्यात, ज्यांना वाचायचं त्यांच्यासाठी.

परतीच्या बसमध्ये पाटीखालची जागा रिकामी होती. ती उभीच राहिली, दांडा धरून, सगळा रस्ता चडफडत. रस्त्यात एक शाळा लागायची. तिच्या फाटकावर आता व्यायामशाळेची जाहिरात होती, ज्येष्ठांना सवलत. तिला वाटलं, आपल्या चुकांवरून आपण रोज बसने जातो येतो. घरी आली तर नवरा पिवळ्या खोलीत उभा, हातात मोजायची टेप. इस्त्रीचं टेबल भिंतीला लावलेलं, बॅगा दाराबाहेर. तिला बघून त्याने टेप सोडली आणि ती खळ्ळकन आपल्या डबीत शिरली. "बोललीस?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "तू का नाही बोलत? तुझे वडील आहेत." तो म्हणाला, "मला नाही जमत." मग टेप खिशात टाकत म्हणाला, "मी बोललो तर ते खरं होईल असं वाटतं." डॉक्टरांकडे जाणं बंद झाल्यापासूनच्या इतक्या वर्षांत त्या विषयावर त्याने उच्चारलेलं हे पहिलं पुरं वाक्य होतं. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, सकाळपासून साठवलेलं सगळं त्याच्या अंगावर काढायचं होतं, पण तो त्या रिकाम्या खोलीत इतका मोठा आणि अवघडलेला दिसत होता की तिला ते करवेना. ती म्हणाली, "खरं झालंय रे ते. केव्हाच झालंय." त्याने मान हलवली. मग तो खिडकीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलताना तिने पाहिले. ती जवळ गेली नाही. गेली असती तर फोन राहून गेला असता.

बाबांनी फोन लगेच उचलला. मागे इस्पितळातली भांडी वाजत होती. "जेवलात का?" तिने विचारलं. "जेवण म्हणतात त्याला इथे," ते म्हणाले. "ताईने जागा बघितलीये ती चांगली आहे, ऐकलं. मी हो म्हणून सांगतो तिला. तुम्ही उगाच..." तिने त्यांना मध्येच थांबवलं. तसं ती कधी करत नसे. "बाबा, त्या खोलीत कोणी येणार नाही." पलीकडे भांडी वाजायची थांबली, किंवा तिला ऐकू येईनाशी झाली. "आम्ही प्रयत्न केला होता. नाही झालं. आणि आता व्हायचं नाही. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण आमचं आम्हालाच..." पुढचं वाक्य तिला सापडेना, म्हणून तिने ते तिथेच सोडलं. "ती खोली राखलेली नाही, बाबा. नुसती रिकामी आहे. तुम्ही या."

खिडकीशी नवरा वळून उभा होता, तोंड पुसायचंही विसरला होता. तिला वाटलं, आता ते म्हणतील असू दे, किंवा म्हणतील देवाची इच्छा, किंवा काही न बोलता फोन ठेवतील. यातलं कोणतंही चाललं असतं. तिने तळवा भिंतीवर टेकवला. भिंत गार होती आणि बॅगा सरकवल्या होत्या तिथे पोपडे सुटले होते.

"भिंत कशी आहे?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "मी सोसवेल असा दिला होता रंग. आता दहा वर्षं झाली."

"सुटलाय," ती म्हणाली. "खालच्या बाजूला बराच सुटलाय."

"मग तो आधी पुरता काढून टाकावा लागेल. वरून मारून चालत नाही," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "मला शिडीवर नाही चढता यायचं. खालचं मी बसून करीन. वरचं तुम्ही दोघं करा."